चाळीसचा फॉन्ट चाळीसचा का नसतो?

गेल्या खेपेला प्रोग्रॅममधून चित्रावर मजकूर कसा लिहायचा याबद्दल मी ओझरत्या दोन ओळी लिहिल्या आणि स्वतःच्या हातानं काम वाढवून घेतलं. रेषा, वर्तुळं, रंग यांविषयी एकाही वाचकाचं पत्र नाही; सगळ्यांचं घोडं अक्षरांपाशी अडलेलं. आलेल्या पत्रांतली सहा इथे घेतली आहेत. बाकीच्यांनी रुसू नये, तुमचं उत्तर बहुधा शेजारच्याच्या पत्रात सापडेल.

प्रश्न : ताई, मी पायथॉनमध्ये पिलो ही चित्रं काढणारी लायब्ररी वापरून नावांच्या पट्ट्या तयार करतो. फॉन्टचा आकार ४० दिला म्हणून पट्टीची उंची ४० पिक्सेल ठेवली. रोमन नावं बरी बसतात, पण 'मृदुला' लिहिलं की खालचे उकार छाटले जातात. मग चाळीस म्हणजे नक्की कशाचे चाळीस?

उत्तर : माझी पहिली नोकरी एका छापखान्यात होती. संगणक नुकता आलेला, खिळ्यांच्या केसी अजून भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि एक म्हातारे जुळारी 'आता माझं काय काम' अशा चेहऱ्यानं माझ्या मागं येऊन बसायचे. मी पट्टी घेऊन कागदावरचं अक्षर मोजत होते आणि ते काही केल्या बारा पॉइंट भरत नव्हतं. त्यांनी एक खिळा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "अक्षर कशाला मोजतेस? खिळा मोज." बारा पॉइंट ही त्या शिशाच्या चौकोनी दांडक्याची उंची होती. त्याच्या डोक्यावर कोरलेलं अक्षर त्यापेक्षा लहान असायचं, आणि किती लहान हे अक्षर घडवणाऱ्याच्या मर्जीवर.

तो दांडका गेला, पण त्याची सावली उरली. फॉन्टच्या फाइलमध्ये तिला एम चौकोन म्हणतात. त्याचे कुठे १०००, कुठे २०४८ असे काल्पनिक भाग पाडलेले असतात आणि सगळी अक्षरं त्या भागांत आखलेली असतात. तुम्ही चाळीस म्हणता तेव्हा लायब्ररी तो चौकोन चाळीस पिक्सेलचा करते, बस. अक्षरं चौकोनाच्या आत राहतीलच असं वचन कुणीही दिलेलं नाही. देवनागरीत तर वर वेलांटी, तिच्यावर रफार, त्यावर अनुस्वार, आणि खाली उकार-ऋकार. बिचारा चौकोन पुरणार कसा?

तुम्हाला हवे आहेत ते दुसरे दोन आकडे. आधाररेषेपासून, म्हणजे अक्षरं ज्या रेघेवर उभी असतात तिच्यापासून, वर किती जागा लागते तो असेंट, खाली किती लागते तो डिसेंट. पिलोमध्ये फॉन्टला गेटमेट्रिक्स विचारलं की दोन्ही एकदम मिळतात. समजा चाळीसच्या फॉन्टला त्यानं ४२ आणि १६ सांगितले, तर पट्टी निदान ५८ पिक्सेलची हवी, शिवाय डोळ्याला बरं वाटेल इतका मोकळा श्वास वर-खाली. हे आकडे त्या फॉन्टचे आहेत, तुमच्या शब्दाचे नाहीत. म्हणून 'मन' लिहा की 'मृदुला', पट्टीची उंची बदलत नाही. तेच हवंय ना?

यातही एक गोम आहे. फॉन्टच्या फाइलीत असेंट-डिसेंटच्या एक सोडून तीन जोड्या असतात. एक एचएचईए या तक्त्यात, दोन ओएस-टू या तक्त्यात, आणि त्या एकमेकींशी जुळतातच असं नाही. कुठली लायब्ररी एक जोडी वाचते, कुठली दुसरी. त्यामुळे एकाच फॉन्टच्या दोन ओळींमधलं अंतर दोन प्रणालींवर वेगळं दिसलं तर स्वतःच्या डोक्यावर हात मारू नका. ओळीचं अंतर लायब्ररीकडून आपोआप येऊ देण्यापेक्षा एकदा मोजून स्वतः ठरवलेलं मला बरं वाटतं.

आणि हो, पॉइंट आणि पिक्सेल यांची गल्लत. पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग. इंचाला ९६ पिक्सेल धरले तर १२ पॉइंट म्हणजे १६ पिक्सेल. पिलो आकडा पिक्सेलमध्ये घेतं, विंडोजवरचे फॉर्म सहसा पॉइंटमध्ये. एकाच पत्रात दोन्हीकडचे 'बारा' सारखेच धरून माझ्याशी भांडणारे दोघे होते. त्यांच्यासाठी हे एवढंच.

प्रश्न : ताई, बटणावर शब्द मधोमध बसवायचा आहे. जुन्या प्रोग्रॅममध्ये टेक्स्टसाइझ वापरलं होतं. पिलोची नवी आवृत्ती घातल्यापासून असं काही नाहीच असा निरोप येतो. आता टेक्स्टबीबॉक्स वापरते. त्यातले शेवटचे दोन आकडे रुंदी आणि उंची समजून मध्य काढला, तर प्रत्येक शब्द थोडा खाली बसतो. डोळ्यांना खुपतं.

उत्तर : खुपतं हे ऐकून बरं वाटलं. अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते. पुष्कळांना ते दिसतच नाही.

टेक्स्टसाइझ पिलोच्या १०व्या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली, काढून टाकलं. त्याआधी बराच काळ ते जाणार असल्याची सूचना येत होती, पण आपण सूचना कुठे वाचतो. ते जाण्याचं कारण मात्र योग्य होतं. ते नुसती रुंदी-उंची द्यायचं, आणि ती कुठून मोजली हे सांगायचं नाही.

टेक्स्टबीबॉक्स देतं ते चार आकडे म्हणजे डावी, वरची, उजवी आणि खालची कड. शेवटचे दोन म्हणजे रुंदी-उंची नव्हेत, ती उजव्या आणि खालच्या कडेची जागा आहे. तुम्ही शून्य-शून्यवर लिहिलंत तरी शाई, म्हणजे अक्षराचा प्रत्यक्ष दिसणारा भाग, शून्यापासून सुरू होत नाही. पिलो नेहमीच्या पद्धतीत तुम्ही दिलेल्या बिंदूवर असेंटची रेघ ठेवतं, आणि वेलांटी-रफार नसलेला शब्द त्या रेघेपासून बराच खाली सुरू होतो. समजा वरची कड १२ आली. तुम्ही १२ वजा न करता मध्य काढलात, म्हणून शाई बरोबर सहा पिक्सेलनं खाली गेली. मोजून बघा, आकडा जुळेल.

आता तुम्ही उजवीतून डावी, खालच्यातून वरची वजा कराल, लिहिताना सुरुवातीचा बिंदूही तेवढा मागे घ्याल, आणि एक बटण अगदी नेमकं बसेल. मग शेजारी दुसरं बटण ठेवाल आणि मला पुन्हा पत्र लिहाल. कारण 'मन' या शब्दाची शाई शिरोरेषेपासून आधाररेषेपर्यंतच आहे, 'कीर्ती'ची वर चढते, 'मृदू'ची खाली उतरते. प्रत्येक शब्दाची शाई वेगवेगळी मधोमध बसवली की तीन बटणांवरच्या तीन शिरोरेषा तीन उंचीवर जातात. रोमन लिपीत हा दोष लपतो. आपल्या लिपीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर आडवी रेघ असल्यामुळे लगेच चुगली होते.

म्हणून मी दोन दिशांना दोन वेगळी मापं लावते. उभ्या दिशेत शब्दाकडे बघायचंच नाही, फॉन्टचे असेंट-डिसेंट घ्यायचे आणि त्यांच्या मध्यावर सगळी बटणं बसवायची. पिलोमध्ये अँकर म्हणून एम-एम (दोन्ही दिशांना मिडल, म्हणजे मध्य) दिलं की नेमकं हेच होतं. फॉन्ट मुळात वरच्या बाजूला जास्त जागा राखणारा असेल तर सगळी बटणं सारखीच खाली दिसतील; मग सगळ्यांना मिळून दोन-तीन पिक्सेल वर उचलायचं, एकदाच. आडव्या दिशेत शाई नव्हे, चाल घ्यायची. चाल म्हणजे हा शब्द लिहून झाल्यावर पुढचं अक्षर जिथून सुरू होईल तिथवरचं अंतर. पिलोमध्ये ती टेक्स्टलेंग्थ देतं, पिक्सेलच्या ६४व्या भागापर्यंत. तिचं लगेच पूर्णांक करू नका. ओळीच्या शेवटी एकदाच करा, नाहीतर प्रत्येक शब्दामागं थोडी थोडी चूक साठत जाते.

इतर लायब्रऱ्यांतही हेच आहे. कैरो वापरणाऱ्यांना शाई आणि चाल हे दोन आकडे विड्थ आणि एक्स-अॅडव्हान्स या नावांनी भेटतील, पँगोमध्ये शाईचा चौकोन आणि तर्काचा चौकोन असे दोन वेगळे मिळतात, आणि एसएफएमएलमध्ये गेटलोकलबाउंड्सच्या डाव्या आणि वरच्या आकड्याकडे दुर्लक्ष केलं की अगदी तुमच्यासारखंच पत्र येतं. नावं वेगळी, दुखणं एकच. 'या मजकुराची रुंदी किती' हा प्रश्न अर्धा आहे. रुंदी कशासाठी हवी? पुढचं अक्षर ठेवायला चाल. कापताना काही सुटू नये म्हणून शाई. ओळ बसवायला ओळीचं माप. तिरक्या फॉन्टात शेवटच्या अक्षराची शाई चालीच्या बाहेर झुकते, म्हणून नुसत्या चालीएवढं चित्र कापलं तर तिचा कान कापला जातो.

शाईवरून मध्य काढणं सरसकट चूक आहे असं मात्र म्हणत नाही. गोल चिन्हात एकटंच मोठं 'अ' बसवायचं असेल तर शाईच मोजा. तिथे शेजारी कुणी नाही, म्हणून कुणाशी रेघ जुळवायची नाही. पळत्या घड्याळाला मात्र दोन्ही नको. १११ आणि ८८८ यांची रुंदी काही फॉन्टांत वेगळी असते, आणि दर सेकंदाला मध्य काढत बसलात तर घड्याळ थंडी वाजल्यासारखं थरथरतं. दहा अंकांतला सर्वांत रुंद अंक मोजा, तेवढे खण पाडा आणि प्रत्येक अंक आपापल्या खणात ठेवा.

प्रश्न : मॅडम, मी नववीत आहे. मी रेलिबमध्ये गेम करतो आहे. पात्रं मराठीत बोलतात, पण सगळीकडे प्रश्नचिन्हंच आली. मग देवनागरीचे सगळे अक्षर-क्रमांक देऊन फॉन्ट लोड केला. आता 'क्षत्रिय' असं दिसतं की क, पाय मोडलेली खूण, ष, सगळं सुटं, आणि वेलांटी चुकीच्या बाजूला. शिवाय संवाद एकेक अक्षरानं उमटायला हवा, तर शब्द मधेच उड्या मारतात.

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिली पायरी तू कुणी न सांगता चढलास. रेलिबला क्रमांकांची यादी दिली नाही तर ते रोमन लिपीची नेहमीची ९५ चिन्हं तेवढी उचलतं, आणि जे सापडत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह काढतं.

दुसरी पायरी मात्र यादी वाढवून चढता येणार नाही. 'क्षत्रिय' या शब्दात युनिकोडचे आठ क्रमांक आहेत : क, हलन्त, ष, त, हलन्त, र, ऱ्हस्व वेलांटी, य. दिसायला मात्र तीनच अक्षरं. 'क्ष' या जोडाक्षराच्या चित्राला स्वतःचा क्रमांकच नाही. ते फॉन्टच्या पोटात असतं आणि तिथवर पोहोचायचा रस्ता जीएसयूबी नावाच्या तक्त्यातून जातो : क, हलन्त आणि ष एकापाठोपाठ दिसले तर तिघांच्या जागी हे एक चित्र ठेव, असे नियम त्यात असतात. वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते आणि काढताना आधी, तीही अदलाबदल कुणीतरी करावी लागते. या सगळ्या कामाला शेपिंग म्हणतात. ते करणारी सर्वांत प्रसिद्ध लायब्ररी हार्फबझ. रेलिब हे काम करत नाही. ते प्रत्येक क्रमांकाचं चित्र उचलतं आणि एकापुढे एक ठेवतं. इंग्रजीला तेवढं पुरतं.

तुझ्यापुढे दोन रस्ते आहेत. शेपिंग करणारी लायब्ररी घे. पायगेम या पायथॉनच्या गेम-लायब्ररीच्या सीई शाखेत फॉन्टला सेट_स्क्रिप्ट सांगता येतं, त्याला देवनागरीसाठी डी, ई, व्ही, ए ही चार रोमन अक्षरं द्यायची. पिलोत काम करायचं असेल तर आधी राक्म, म्हणजे पिलोला शेपिंग करून देणारी जोड-लायब्ररी, बसलं आहे का ते फीचर्सच्या चेकनं विचार. ते नसेल तर पिलोसुद्धा रेलिबसारखंच वागतं. किंवा गेम रेलिबमध्येच ठेव, संवाद पिलोनं आधीच चित्रं म्हणून तयार करून घे आणि गेममध्ये ती चित्रं दाखव. संवाद ठरलेले असतील तर मी दुसरा रस्ता घेईन. कमी कौतुकाचा आहे, पण गेम पूर्ण होतो.

आता उड्यांचं. तू बहुतेक मजकुराचा पहिला एक क्रमांक, मग दोन, मग तीन असे तुकडे काढत जातोस. 'कि' लिहिताना आधी 'क' दिसतो, पुढच्या क्षणी त्याच्या डावीकडे वेलांटी येते आणि क उजवीकडे सरकतो. 'क्ष'च्या वेळी क, मग पाय मोडलेला क, मग अचानक वेगळंच चित्र. म्हणून क्रमांक मोजायचे नाहीत, वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटतं त्याचा गट मोजायचा. युनिकोडनं अशा गटांचे नियम केलेले आहेत. जावास्क्रिप्टमध्ये इंटल-सेगमेंटर ते पाळतो. पण सावध राहा. जोडाक्षर तोडू नये हा नियम त्यात २०२३च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमानं चालणारी लायब्ररी 'क्ष'चे दोन गट करते. त्यावर उपाय सोपा आहे : गटाच्या शेवटी हलन्त असेल आणि पुढे व्यंजन असेल तर तो गट पुढच्याला चिकटव. हे दहा ओळींचं काम तू करशील.

आणखी एक उडी राहिली, ती तुला लांब वाक्यात दिसली असेल. शब्द ओळीच्या शेवटी उमटायला लागतो, अर्धा झाल्यावर मावेनासा होतो आणि सगळाच्या सगळा खालच्या ओळीवर पडतो. पूर्ण वाक्य आधीच मोजून ओळी कुठे तुटतात ते ठरवून ठेव, आणि उमटवताना त्या ठरलेल्या ओळींतच गट उघड. गेम झाला की दाखव, मला खेळायला आवडेल.

प्रश्न : नमस्कार. विंडोजवर सी-शार्पमध्ये मी एका वाक्यातले शब्द वेगवेगळ्या रंगांत काढतो. प्रत्येक शब्दाची रुंदी मेजरस्ट्रिंगनं घेतो आणि पुढचा शब्द तेवढ्या अंतरावर ठेवतो. शब्दांमध्ये नको तेवढी फट पडते. उलट शेवटी स्पेस ठेवून मोजलं तरी आकडा तोच. एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी, हा काय प्रकार?

उत्तर : हा सापळा जुना आहे आणि मीही त्यात पडले आहे. जीडीआय-प्लस या विंडोजच्या चित्र काढणाऱ्या लायब्ररीचं मेजरस्ट्रिंग मजकुराच्या दोन्ही टोकांना एमचा साधारण सहावा भाग इतकी जागा धरतं. अख्खा परिच्छेद एकदम काढला तर ती मार्जिनसारखी शोभते. शब्दागणिक मोजलं तर दर शब्दाला दोनदा भरावी लागते. शेवटची स्पेस मात्र ते मोजतच नाही, जोवर तुम्ही मेजरट्रेलिंगस्पेसेस हा झेंडा (फ्लॅग, म्हणजे चालू-बंद करायचा पर्याय) लावत नाही. स्ट्रिंगफॉरमॅटचं जेनेरिकटायपोग्राफिक रूप घ्या, त्याची एक प्रत करून तिच्यावर तो झेंडा चढवा, आणि मोजताना व काढताना दोन्हीकडे तीच प्रत द्या.

या 'दोन्हीकडे तीच' पायी मी एकदा तोंडघशी पडले होते. अहवालातल्या रकान्यांची रुंदी मी जीडीआय-प्लसनं मोजली आणि मजकूर टेक्स्टरेंडररनं काढला, कारण पडद्यावर तो जास्त ठसठशीत दिसत होता. टेक्स्टरेंडरर जुन्या जीडीआयवर चालतो, त्याचा हिशोबच निराळा. पडद्यावर दिसलं नाही. छापून आल्यावर शेवटच्या रकान्यातल्या प्रत्येक रकमेचा एकं स्थानचा अंक गायब. चारशे पानं. त्या दिवसापासून मोजणारा आणि काढणारा एकच, फॉन्ट एकच, आकार एकच, आणि पडदा असेल तर पडद्याचा, छपाई असेल तर छपाईचा कॅनव्हास, यात तडजोड नाही. टेक्स्टरेंडरर वापरायचा तर दोन्हीकडे तोच वापरा, आणि तोही आपल्या बाजूनं थोडी जागा सोडतो, म्हणून नोपॅडिंग द्या.

रंग शब्दाशब्दाला देताय तोवर ठीक. एकाच शब्दातली अक्षरं वेगवेगळ्या रंगांत काढायला जाल तेव्हा आधीच्या पत्रातलं उत्तर वाचा. तुकड्यांची बेरीज म्हणजे शब्दाची रुंदी नव्हे. रोमनमध्येसुद्धा ए आणि व्ही ही मोठ्या लिपीतली अक्षरं शेजारी आली की एकमेकांच्या कुशीत शिरतात. आपल्याकडे तर सुटी वेलांटी मोजायला दिली की लायब्ररी बऱ्याचदा तिच्यासाठी ठिपक्यांचं वर्तुळ काढते आणि त्याचीही रुंदी तुमच्या माथी मारते.

प्रश्न : ब्राउझरच्या कॅनव्हासवर मी मेजरटेक्स्ट वापरते. पान पहिल्यांदा उघडलं की मजकूर चौकटीबाहेर जातो, ताजं केलं की बरोबर बसतो. फॉन्ट तर तोच आहे!

उत्तर : फॉन्ट तोच नाही. पहिल्या वेळी तुमचा फॉन्ट अजून वाटेत असतो, ब्राउझर हाताशी असलेल्या दुसऱ्याच फॉन्टनं मोजतो आणि तक्रारीचा एक शब्दही काढत नाही. ताजं करताना तो साठवणीतून लगेच येतो. डॉक्युमेंट-फॉन्ट्सच्या लोडला आकार आणि फॉन्टचं नाव द्या, त्याचं वचन (प्रॉमिस) पुरं होईपर्यंत, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत, थांबा, मग मोजा. नुसतं रेडीची वाट पाहणं पुरत नाही, कारण पानावर इतरत्र तो फॉन्ट वापरलेला नसेल तर ब्राउझर तो मागवायलाच जात नाही.

त्याच जातीच्या आणखी दोन खोड्या सांगून ठेवते. फॉन्टच्या ओळीत लिहिताना चूक झाली, समजा पीएक्स राहिलं, तर कॅनव्हास ती ओळ गुपचूप टाकून देतो आणि आधीचाच फॉन्ट चालू ठेवतो. आणि कॅनव्हासची रुंदी किंवा उंची बदलली की सगळ्या नेमणुका पुसल्या जातात, फॉन्ट पुन्हा १० पिक्सेलच्या साध्या सॅन्स-सेरिफवर. म्हणून आकार आधी बदला, फॉन्ट मग नेमा.

प्रश्न : आदरणीय ताई, मी निवृत्त शिक्षक आहे, हौसेनं प्रोग्रॅमिंग शिकलो. माझ्या तक्त्यांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. त्याहून वाईट म्हणजे एका यादीत 'आचाऱ्यांना' असं लिहिलेलं छापताना 'आचार्यांना' झालं. स्वयंपाक्यांची बोलावणी विद्वानांना गेली म्हणायची! यात फॉन्टचा दोष की माझा?

उत्तर : सर, पहिल्यात दोष कुणाचाच नाही, दुसऱ्यात थोडा प्रोग्रॅमचा आहे.

पाकळीचा ल आणि देठाचा श अनेक चांगल्या फॉन्टांत असतात, पण आतल्या खोलीत. दर्शनी हिंदी वळण ठेवलेलं असतं आणि भाषा मराठी आहे असं सांगितल्यावर एलओसीएल नावाचा नियम मराठी वळण पुढे आणतो. लिपी देवनागरी म्हणून भागत नाही, कारण लिपी दोघांची एकच. पिलोमध्ये मजकूर काढताना लँग्वेज म्हणून मराठीचा दोन अक्षरी संकेत, एम आणि आर, द्यायचा. यासाठीही राक्म लागतं. हार्फबझ थेट वापरत असाल तर बफरला भाषा सांगायची. आणि टेक्स्टलेंग्थ किंवा टेक्स्टबीबॉक्सलाही तोच संकेत द्या. दोन्ही ल-ची रुंदी सारखी असेलच असं नाही, आणि ल एका ओळीत सात-आठ वेळा आला की फरक दिसू लागतो. संकेत देऊनही वळण बदललं नाही तर त्या फॉन्टात मराठी रूपं नाहीतच. मग फॉन्ट बदलण्यावाचून इलाज नाही.

'ऱ्या'ची गोष्ट निराळी. तो आडवा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, त्यानंतर हलन्त, मग य. दुसरा, साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक नावाचं अदृश्य चिन्ह, आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या प्रोग्रॅममध्ये यादी वाचल्यावर 'न दिसणारी चिन्हं काढून टाक' अशी एक ओळ आहे. तुमची यादी दुसऱ्या प्रकारानं लिहिलेली होती. त्या ओळीनं जोडक काढला, र आणि य मोकळे झाले, र रफार होऊन य-च्या डोक्यावर जाऊन बसला, आणि आचाऱ्यांचे आचार्य झाले. दऱ्यांचा दर्याही असाच होतो.

तुमची ती ओळ पूर्ण काढू नका. दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरात खरोखरच नको ती अदृश्य चिन्हं येतात. फक्त तिच्या आधी एक ओळ घाला : र, हलन्त, जोडक असे तीन लागोपाठ दिसले तर त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेव. मग बाकीची सफाई खुशाल चालू द्या. यादीत नाव शोधतानाही याचा उपयोग होईल, कारण आत्ता तुमच्याकडे एकाच 'सातपुऱ्यात'ची दोन वेगळी स्पेलिंगं असणार, आणि शोधणाऱ्याला त्यांतली एकच सापडत असणार.